विश्लेषण : कृत्रिम रक्तवाहिन्या कशापासून तयार होतात? बायपाससाठी अजूनही पायातली शीरच का काढावी लागते?

हृदयाची झडप कृत्रिम मिळते. गुडघ्याचा, खुब्याचा सांधा कृत्रिम मिळतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातले भिंग बदलून रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मग बायपास करताना रुग्णाच्याच पायातली, हातातली किंवा छातीतली रक्तवाहिनी का वापरावी लागते? तीन-चार मिलिमीटर व्यासाची एक नळी कारखान्यात का बनत नाही? मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी कापडाच्या नळ्या १९५०च्या दशकापासून वापरात आहेत आणि त्या उत्तम चालतात. बारीक नळीपाशी मात्र संशोधक गेली सत्तर वर्षे अडले आहेत. ही नळी कशापासून बनते, कशी बनते आणि अडचण नेमकी कुठे आहे, याचा हा आढावा.

कृत्रिम रक्तवाहिनीची गरज कुणाला पडते?

पहिला गट महाधमनीच्या रुग्णांचा. हृदयातून निघणारी ही सर्वात मोठी रक्तवाहिनी काही जणांमध्ये एखाद्या ठिकाणी फुग्यासारखी फुगते. ती फुटली तर रुग्ण वाचणे कठीण असते, म्हणून तेवढा भाग आधीच बदलतात. दुसरा गट पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्यांचा. त्यात मधुमेही आणि तंबाखू-विडी-सिगारेटचे व्यसन असलेले रुग्ण बरेच असतात. रक्त पोहोचले नाही तर आधी बोटे काळी पडतात आणि पुढे पाय कापण्याची वेळ येते. तिसरा गट डायलिसिसवरच्या रुग्णांचा. अपघातात किंवा युद्धात रक्तवाहिनी तुटलेले जखमी आणि हृदयात जन्मजात दोष असलेली मुले, यांनाही अशी नळी लागते.

जिथे शक्य असेल तिथे डॉक्टरांची पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीला असते. पण प्रत्येकाकडे ती उपलब्ध नसते. कुणाच्या पायात शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या असतात, कुणाची शीर आधीच्या बायपासमध्ये वापरलेली असते, तर कुणाच्या हाताच्या शिरा वारंवार सलाइन लावून निकामी झालेल्या असतात. शिवाय पायातून काढलेली शीर बायपासनंतर कायम टिकेल असेही नाही. दहा वर्षांत अशा शिरांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात. छातीच्या आतून घेतलेली धमनी जास्त टिकते, पण तिचा पुरवठा मर्यादित असतो.

रक्तवाहिनी जोडण्याचे तंत्र कधी आले?

नळी कितीही चांगली असली तरी ती शरीरातल्या रक्तवाहिनीला गळती न होता शिवता आली पाहिजे. हे तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती. ती शिवण्याचे तंत्र कुणाकडेच नसल्याने कार्नो वाचू शकले नाहीत. त्याच शहरात तेव्हा अलेक्सी कारेल वैद्यकीय शिक्षण घेत होते. पुढे त्यांनी लिऑनमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईचे काम शिकून घेतले आणि १९०२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ताण दिला की त्याचा त्रिकोण होतो आणि सरळ कडांवर शिवणे सोपे जाते, अशी ती युक्ती. या कामासाठी त्यांना १९१२चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही रक्तवाहिन्या जोडण्याचे शिक्षण कारेल यांच्या कामापासूनच सुरू होते.

कापडाची रक्तवाहिनी कुणाला सुचली?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले तरुण शल्यविशारद आर्थर वूऱ्हीज १९४७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करत होते. एका कुत्र्याच्या हृदयात रेशमाचा टाका राहून गेला. काही काळाने पाहिले तर त्या धाग्यावर शरीराने स्वतःच एक चकचकीत थर चढवला होता. धाग्यावर थर चढतो, तर कापडाच्या नळीवर का चढणार नाही, असा विचार वूऱ्हीज यांनी केला. सच्छिद्र कापडाची नळी बसवायची आणि आतले अस्तर शरीराला तयार करू द्यायचे, ही ती कल्पना. पॅराशूटसाठी वापरले जाणारे ‘विनयॉन-एन’ हे कापड घेऊन त्यांनी नळ्या शिवल्या आणि १९५२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथील डॉ. मायकल डिबेकी यांनी डेक्रॉन वापरले. ते नायलॉन आणायला दुकानात गेले होते, नायलॉन संपले होते, म्हणून विक्रेत्याने दिलेले नवे डेक्रॉन त्यांनी घेतले आणि घरी पत्नीच्या शिलाई मशीनवर नळी शिवली, असे ते सांगत. हा योगायोग फायद्याचा ठरला. नायलॉन शरीरात कमजोर होत जाते, डेक्रॉन मात्र वर्षानुवर्षे टिकते. या डेक्रॉनची गंमत म्हणजे डिबेकींनाही त्याची गरज पडली. २००६ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांच्या फाटलेल्या महाधमनीच्या जागी डेक्रॉनची नळी बसवण्यात आली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक काळ जगले.

डेक्रॉन म्हणजे काय? ही नळी कशी बनते?

डेक्रॉन हे पॉलिस्टरचे व्यापारी नाव. टेरिकॉटच्या शर्टात आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत जे रसायन असते तेच हे, फक्त वैद्यकीय शुद्धतेचे. त्याचे धागे दोन पद्धतींनी विणतात. एक म्हणजे शर्टाच्या कापडासारखे मागावर, उभे-आडवे धागे घट्ट बसवून. अशी नळी मजबूत असते, रक्त कमी झिरपते, पण ती ताठ असते आणि कापलेल्या कडेला धागे सुटतात. दुसरी पद्धत बनियनच्या कापडासारखी, फासे अडकवून. ही नळी मऊ असते आणि शिवायला सोपी जाते, पण तिच्या छिद्रांतून रक्त गळते.

या गळतीवर जुना उपाय असा होता की, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच नळी रुग्णाच्या रक्तात भिजवायची आणि रक्त गोठून छिद्रे बुजेपर्यंत थांबायचे. आता कारखान्यातच नळीला जिलेटिन किंवा कोलॅजन या प्रथिनांचा लेप देतात. सुरुवातीचे काही दिवस हा लेप गळती रोखतो, मग हळूहळू विरघळतो आणि त्या जागी शरीराची पेशीजाळी शिरते. नळीला उष्णता देऊन बारीक चुण्याही पाडतात. त्यामुळे ती वाकवली तरी बागेतल्या पाइपसारखी मध्येच दुमडून बंद होत नाही.

टेफ्लॉन रक्तवाहिनीत कसे आले?

नॉनस्टिक तव्यावरचे टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत अपघातानेच सापडले. त्याला काही चिकटत नाही आणि शरीर त्यावर फारशी प्रतिक्रिया देत नाही. पण घट्ट टेफ्लॉनमध्ये छिद्रे नसतात. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हळूहळू ताणून पाहिल्या, त्या तुटत होत्या. शेवटी एक कांडी त्यांनी जोरात हिसकली आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. आत हवेने भरलेली असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली होती. पावसाळी जॅकेटमध्ये ‘गोरटेक्स’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ तो हाच. त्याच्या नळ्या १९७०च्या दशकात रक्तवाहिनी म्हणून वापरात आल्या.

ती बनवताना टेफ्लॉनची बारीक भुकटी वंगणात मळून लगदा करतात. चकलीच्या सोऱ्यातून दाबावी तशी त्याची नळी काढतात, वंगण उडवून लावतात, मग ती तापवून वेगाने ताणतात आणि शेवटी अधिक तापमानाला नेऊन तिचा आकार पक्का करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गाठी आणि गाठींना जोडणारे अतिसूक्ष्म तंतू दिसतात. दोन गाठींमधले अंतर साधारण ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असते. ताणण्याचा वेग आणि तापमान बदलले की हे अंतर बदलते. पायाच्या बायपाससाठी आणि डायलिसिससाठी या नळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात.

मग बारीक नळीपाशी अडते कुठे?

पाइपमधून जाणाऱ्या प्रवाहाचा एक नियम अभियांत्रिकीत शिकवला जातो. तो मांडणारे प्वाझय हे फ्रेंच डॉक्टर होते आणि त्यांना रक्ताच्या प्रवाहातच रस होता. नियम सांगतो की, दाब आणि लांबी तेवढीच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो.

आता हिशेब करू. समजा कृत्रिम नळीच्या आत सगळीकडून एक मिलिमीटर जाडीचा थर जमला. महाधमनीच्या जागी बसवलेली २४ मिलिमीटरची नळी २२ मिलिमीटरची होईल आणि या नियमानुसार सुमारे ७० टक्के प्रवाह चालू राहील. हृदयाच्या बायपाससाठीची नळी चार मिलिमीटरची असेल तर ती दोन मिलिमीटरची होईल. प्रवाह उरेल जेमतेम सहा टक्के. शरीरातले गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण मूळ मुद्दा हाच. थर तोच आणि पदार्थही तोच असला तरी मोठी नळी तो पचवते, बारीक नळी बंद पडते. त्यामुळेच सहा मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाची नळी हा या क्षेत्रातला सर्वात अवघड टप्पा मानला जातो.

हा थर जमतो कशामुळे?

त्याची दोन मुख्य कारणे आहेत. पहिले, रक्ताची गुठळी. आपल्या रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एकेरी अस्तर असते. ते नुसते गुळगुळीत नसते, सतत काम करत असते. ते नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्यामुळे रक्तवाहिनी सैल राहते आणि गुठळी धरणाऱ्या कणिका चिकटत नाहीत. या रेणूच्या शोधाला १९९८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्लास्टिकच्या नळीत हे अस्तर नसते. वूऱ्हीज यांना वाटले होते की, ते शरीर तयार करेल. अनेक प्राण्यांमध्ये ते होतेही. माणसात मात्र शिवणीपासून एक-दोन सेंटीमीटरपर्यंतच अस्तर वाढते आणि थांबते. उरलेली नळी उघडीच राहते. प्राण्यांवर यशस्वी ठरलेल्या अनेक नळ्या माणसात अपयशी का ठरल्या, याचे एक कारण यात आहे.

दुसरे कारण ताठपणाचे. खरी धमनी प्रत्येक ठोक्याला किंचित फुगते आणि पुन्हा आकसते. डेक्रॉन आणि टेफ्लॉन जवळजवळ फुगत नाहीत. लवचिक आणि ताठ भाग जिथे शिवलेला असतो तिथे ताण साचतो, रक्ताचा प्रवाह विस्कळीत होतो आणि धमनीच्या स्नायूपेशी वाढू लागतात. शिवणीपाशी नळी हळूहळू अरुंद होत जाते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते, म्हणजे दहा वर्षांत ३६ कोटींहून अधिक वेळा. तेवढ्या वेळा ताण सोसून नळी फाटता कामा नये, सैल पडून फुगता कामा नये आणि शिवणही सुटता कामा नये. मऊपणा आणि मजबुती एकाच पदार्थात आणणे म्हणूनच कठीण जाते.

नव्या पद्धतींत काय वेगळे केले जाते?

सर्वात सोपा उपाय म्हणजे नळीच्या आत हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध कायमचे बांधून ठेवणे. अशा टेफ्लॉनच्या नळ्या बाजारात आहेत. त्याने गुठळीचा धोका कमी होतो, पण ताठपणाचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरी वाट विजेच्या मदतीने सूत काढण्याची. पॉलिमर द्रवात विरघळवून सिरिंजमध्ये भरतात आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब देतात. सुईच्या टोकाशी आलेला थेंब ताणला जाऊन त्याचा केसाहून कितीतरी बारीक तंतू होतो आणि समोर फिरणाऱ्या दांडीवर गुंडाळला जातो. दांडी काढली की नळी तयार. व्होल्टेज, द्रवाचा दाटपणा, दांडीचा वेग बदलून तंतूंची जाडी आणि दिशा ठरवता येते. अशी जाळी पेशींना ओळखीची वाटते, कारण शरीरातले कोलॅजनचे तंतूही साधारण अशाच मापाचे असतात. त्यासाठी पॉलियुरेथेन, पॉलिकॅप्रोलॅक्टोन, रेशमातले प्रथिन असे पदार्थ वापरून पाहिले जात आहेत.

यातले काही पदार्थ शरीरात हळूहळू विरघळतात. नळी हा फक्त सांगाडा, पेशींनी त्यात घर करायचे आणि सांगाडा विरेपर्यंत खरी रक्तवाहिनी उभी करायची, अशी ही योजना. त्यातला सगळा डाव वेळेचा आहे. सांगाडा लवकर विरला तर नळी फुटेल, उशिरा विरला तर शरीर त्याच्याशी झगडत राहील. जपानमधल्या डॉ. तोशिहारू शिनोका यांच्या गटाने १९९९ मध्ये चार वर्षांच्या मुलीमध्ये अशी विरघळणारी नळी तिच्याच पेशी पेरून बसवली. ती फुप्फुसाकडे जाणाऱ्या, कमी दाबाच्या रक्तवाहिनीसाठी होती. मुलाबरोबर वाढू शकेल अशी नळी हे यामागचे मोठे आकर्षण. पुढे अमेरिकेत अशी चाचणी सुरू झाली, तेव्हा काही मुलांमध्ये नळी सुरुवातीलाच अरुंद झाली आणि चाचणी थांबवावी लागली. ही अरुंदता काही महिन्यांत आपोआप कमी होऊ शकते, असे त्याच संशोधकांनी २०२० मध्ये मेंढ्यांवरील अभ्यासातून दाखवले.

प्रयोगशाळेत वाढवलेली रक्तवाहिनी रुग्णापर्यंत पोहोचली आहे का?

एका मर्यादित उपयोगासाठी, हो. अमेरिकेतल्या डॉ. लॉरा निक्लासन यांनी १९९९ मध्ये प्राण्यांच्या पेशींपासून रक्तवाहिनी वाढवून दाखवली होती. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या ह्युमासाइट कंपनीने मृत दात्यांच्या रक्तवाहिनीतल्या स्नायूपेशी वापरल्या. विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर या पेशी पेरतात आणि पोषक द्रवात, हृदयाच्या ठोक्यांसारखा ताण देत काही आठवडे वाढवतात. पेशी कोलॅजन तयार करतात, जाळी विरून जाते. मग सगळ्या पेशी धुऊन काढतात. उरते ती मानवी प्रथिनांची सहा मिलिमीटर व्यासाची नळी. तिच्यात परक्या माणसाच्या पेशीच नसल्यामुळे शरीराने ती नाकारण्याचा धोका कमी होतो आणि ती तयार ठेवता येते. रुग्णाच्या पेशी घेऊन महिनोन् महिने थांबावे लागत नाही.

युक्रेनमधल्या युद्धजखमींवर २०२२ पासून तिचा वापर झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘सिमव्हेस’ या नावाने तिला मान्यता दिली. ही मान्यता हात किंवा पाय गमावण्याची वेळ आलेल्या प्रौढ जखमींसाठी, तेही स्वतःची शीर वापरणे शक्य नसेल तरच आहे. नळी निकामी होऊन जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, असा ठळक इशाराही सोबत आहे. हृदयाच्या बायपासचा प्रश्न या मान्यतेने सुटलेला नाही.

थ्रीडी प्रिंटरवर रक्तवाहिनी छापता येते का?

प्रयोगशाळेत येते. पेशी मिसळलेली जेली थरावर थर टाकून नळी उभी करता येते. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उलटी युक्ती केली. त्यांनी साखरेच्या काड्यांची जाळी छापली, तिच्याभोवती पेशींसह जेली ओतली आणि मग साखर विरघळवली. मागे राहिल्या रक्त वाहू शकेल अशा पोकळ वाटा. मात्र छापील जेलीची मजबुती ही अडचण आहे. धमनीच्या दाबाला आणि शल्यविशारदाच्या टाक्याला ती अजून पुरत नाही. सध्या तिचा उपयोग औषधांच्या चाचण्या आणि कृत्रिम अवयवांच्या संशोधनात अधिक आहे.

भारतातल्या रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

नवी नळी बाजारात आली तरी ती परवडेल का, हा इथला पहिला प्रश्न असतो. देशात हे घडवता येते, याचे एक उदाहरण आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेली हृदयाची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसवली गेली आणि पुढे हजारो रुग्णांना तिचा लाभ झाला. बारीक रक्तवाहिनीबाबत मात्र जगातच पक्के उत्तर सापडलेले नाही. तोवर सर्वात चांगली नळी ही रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातलीच आहे आणि ती जपणे हा व्यवहारातला मुद्दा आहे.

डायलिसिसच्या रुग्णांसाठी तो सर्वात महत्त्वाचा. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला हा कृत्रिम नळीपेक्षा जास्त टिकतो आणि त्यात संसर्गही कमी होतो. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस आणि प्रत्येक वेळी दोन सुया धरल्या तर वर्षाला ३०० हून अधिक वेळा ती जागा टोचली जाते. एवढे सोसायला शीर चांगली लागते. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, त्यामुळे तो वेळेआधी करून घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार बळावत असेल तर ज्या हाताने कमी काम करतो, त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरांतून रक्त काढणे किंवा सलाइन लावणे टाळावे, त्याऐवजी शक्यतो तळहाताच्या मागच्या शिरा वापराव्यात, असा सल्ला मूत्रपिंडतज्ज्ञ देतात. ही गोष्ट प्रत्येक रुग्णालयात आपणहून विचारली जाईलच असे नाही. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी सुई टोचण्याआधी ती सांगणे चांगले.